पाणी सोडा

‘सस्टेनेबल’ हा शब्द कुणी उच्चारला की अजून माझ्या मस्तकात तिडीक जाते. बिचाऱ्या शब्दाचा काही दोष नाही. सोलरच्या पाट्या बसवायचा माझा धंदा आहे, पुंडलिकनगरात छोटं दुकान आहे, आणि दुकानाच्या फळीवर हाच शब्द मी हौसेनं रंगवून घेतला होता. पण एका उन्हाळ्यात तो मी इतक्या गुळगुळीत तोंडांतून ऐकला की पेंटर बोलावून खोडून टाकला आणि नुसतं ‘सोलर फिटिंग’ लिहून घेतलं. नवरा म्हणाला, अगं, मोठं गिऱ्हाईक जाईल. म्हटलं, जाऊ दे, जायचं तर.

तो उन्हाळा दुष्काळाचा होता. धरणाचा तळ दिसत होता. आणि शहर मात्र पसरतच चाललेलं. जालन्याच्या रस्त्याला शेंद्रा ओलांडून करमाडपर्यंत दोन्ही अंगांना प्लॉट पाडलेले, खुणेचे दगड रोवलेले, नुसत्या माळरानावर कमानी उभ्या, कमानींवर फ्लेक्स आणि फ्लेक्सवर कारंजी. कारंजी! करमाड माझं माहेर. तिथं टँकरमागं हंडे घेऊन पळणाऱ्या बाया आणि त्यांच्या डोक्यावर ते निळंशार कारंजं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

शहरातल्या नळाची गोष्ट निराळी नव्हती. आठवडा उलटून गेला तरी पत्ता नाही, आणि येईल तेव्हा वार-वेळ सांगून येणार नाही. आमच्याकडं पाणी येत नाही, पाणी ‘सोडतात’. व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस पाणी सोडतो, म्हणून गल्लीत आरोळी उठते तीही ‘पाणी सोडलं’ अशीच. हे शब्द कानावर पडले की माणूस हातातलं टाकून पळतो. हळदीच्या कार्यक्रमातून नवरीची आई उठून गेलेली मी बघितलीय. परक्या गावच्या माणसाला हे सांगून पटत नाही, त्याला वाटतं आपण फुगवून सांगतोय.

अशात मला एका सरकारी कार्यालयातून बोलावणं आलं. शहरातल्या एका जुन्या दरवाजावर उजेडाचा खेळ करायचा होता. साधी रोषणाई नव्हे. दरवाजाच्या दगडी अंगावर प्रोजेक्टरनं चित्रं टाकायची, आणि ती कमानीच्या, बुरुजांच्या मापात अशी नेमकी बसवायची की दगडच हलतोय, उघडतोय असं वाटावं. प्रोजेक्शन मॅपिंग म्हणतात त्याला. दरवाजा कुठला ते सांगत नाही. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात आम्हाला, त्यातलाच एक समजा. खेळाचा विषय होता शहराची जुनी नहर. डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून शहरभर खेळवणारी ती नहर दाखवायची, आणि शेवटी ते पाणी दरवाजाच्या माथ्यावरून धो धो खाली कोसळवायचं. ह्या सगळ्याला वीज मात्र फक्त सूर्याची. त्यासाठी मी हवी होते.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. लहानपणी करमाडहून एस.टी.नं आलं की हे दरवाजे दिसायचे आणि आलं शहर असं वाटायचं. त्यातल्या एकाला आपल्या हातची वीज लागणार म्हटल्यावर मी खपून आराखडा केला. दगड काळा आहे, उजेड गिळतो, म्हणून चित्रांचे रंग फिके ठेवा म्हणजे कमी प्रोजेक्टरवर भागेल. खेळ आटोपशीर करा. समोरच्या पार्किंगवर पत्र्याची शेड उभारा, शेडवर नव्या पाट्या लावा, खाली बॅटऱ्या ठेवा. दिवसभर भरायच्या, संध्याकाळी वापरायच्या. दरवाजाला खिळासुद्धा ठोकावा लागला नसता. कार्यालयातले साहेब मान डोलवत होते. खेळ रचणारा डिझायनर पुण्याहून आला होता, तो दर दोन वाक्यांना ‘लव्हली’ म्हणत होता.

शेड काही झाली नाही. जुन्या वास्तूजवळ बांधकाम म्हणून परवानगी अडकली, आणि नव्या पाट्यांचा पैसा कुठल्या तरी चौकाच्या सुशोभीकरणाकडं वळला. निमंत्रणपत्रिका मात्र वेळेवर छापून आल्या, त्यावर ठळक अक्षरांत ‘संपूर्णपणे सूर्याच्या ऊर्जेवर’. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी म्हटलं, मग यंदा साध्या विजेवर करा, पाट्या पुढच्या वर्षी लावू, लोकांना खरं सांगण्यात लाज कसली? साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना दरवाजा पाडायला सांगितलाय. वरून पाहुणे येणार होते. शब्द गेला होता.

मग डिझायनरनं लॅपटॉपवर त्या भागाचा आकाशातून घेतलेला फोटो उघडला, दरवाजामागच्या एका गच्चीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, इथं पाट्या आहेतच की. ती गच्ची मागच्या गल्लीतल्या विहाराची होती, आणि पाट्या मी बसवलेल्या होत्या. माझी सख्खी आत्या त्या गल्लीत राहते.

आत्याची खानावळ आहे. शेंद्र्याच्या कंपन्यांत जाणारी पोरं तिच्याकडं डबा लावतात. पहाटे भाकरी थापायला बसते ती पहिल्या पाळीच्या बसपर्यंत उठत नाही. आत्याच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, जे काही आहे ते ह्या चुलीवर. आणि चूल पाण्यावर. पीठ मळायला पाणी, भांडी घासायला पाणी. मागच्या दुष्काळात पाण्यावाचून तिनं आठवडाभर डबे बंद ठेवले, तर निम्मी पोरं दुसरीकडं गेली ती परत आलीच नाहीत. त्यांचा तरी काय दोष, उपाशी थोडंच राहणार. त्यानंतर गल्लीनं नगरसेवकाच्या मागं लागून बोअर घेतली आणि मी तिच्यावर सूर्यावर चालणारा पंप बसवला.

त्या बोअरचं पाणी झिऱ्याचं आहे. दमानं उपसलं तर दिवसभर थोडं थोडं मिळतं. घाईनं ओढलं की गाळ येतो आणि मोटार जळते. म्हणून सूर्यावरचाच पंप तिथं शोभतो. उजाडलं की तो हळू सुरू होतो, दुपारी जरा वेग घेतो, मावळतीला आपोआप थांबतो. दरवाजाच्या अलीकडं दोन तोट्या काढलेल्या. आमची बौद्ध वस्ती आणि पलीकडचा मुसलमानांचा मोहल्ला, दोघांना मिळून तेवढाच आसरा.

हे सगळं मी त्या बैठकीत नीट, आवाज न चढवता सांगितलं. डिझायनर म्हणाला, मग पंप रात्री लाइटवर चालवा ना, दिवसाची सूर्याची वीज आपल्याला द्या. म्हटलं, पंपाला विजेचा मीटर मागून वर्ष झालं, दिलाय कुणी? आणि दिलात तरी बाया रात्री तोटीवर जागून जागून चार तास जागतील, तेवढ्यात दिवसभराचं पाणी ओढता येत नाही, बोअर म्हणजे काय टाकी आहे का? साहेब म्हणाले, टँकर देऊ, त्यात काय एवढं. टँकर! ज्या शहरात टँकर यायचा म्हटला की बाया रस्त्यात बादल्या मांडून अख्खी सकाळ घालवतात, तिथं हा माणूस चहात साखर घालावी तसा टँकर देत होता. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय. माझा आवाज चढला. तेव्हा साहेब मागं रेलून, अगदी समजूतदार तोंड करून म्हणाले, “मॅडम, तुमचे नातेवाईक राहतात तिथं म्हणून तुम्ही हे पर्सनली घेताय.”

“हो, घेते,” मी म्हटलं. “तहान काय कमिटीला लागते का?”

मी कागद उचलले आणि निघून आले. त्या गच्चीला हात लावायचा नाही असं बजावून आले होते, आणि मूर्खासारखं समजत होते की संपलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं होतं मी.

काही दिवसांनी सकाळीच आत्याचा फोन आला. ती फोनवर हॅलो वगैरे म्हणत नाही. म्हणाली, “बाई, तुझ्या पाट्यांला झालंय काय? ऊन डोक्यावर आलंय आन् तोटीला थेंब नाय.” मी स्कूटर काढली. विहाराच्या जिन्याखालच्या खोलीत पंपाची पेटी असते, तिथं दुसऱ्याच कुणा इलेक्ट्रिशियननं पाट्यांची केबल काढून बाजूच्या नव्याकोऱ्या बॅटऱ्यांना जोडली होती. पाट्या घ्यायला पैसा नव्हता, बॅटऱ्या आल्या होत्या. त्या भाड्याच्या होत्या हे नंतर कळलं. विहाराच्या चाव्या ज्याच्याकडं असतात त्याला ‘सरकारी काम आहे’ एवढंच सांगितलेलं. सरकारी म्हटल्यावर तो काय बोलणार.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले की आज फक्त चाचणी आहे, एका दिवसाचा प्रश्न आहे, दुपारच्या आत टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा असेल, शब्द देतो. केबल त्याच क्षणी उपटून टाकायला हवी होती. पण एक दिवस म्हणाले, शब्द दिला, आणि आत्याच म्हणाली की टँकर येतोय तर कशाला वाकड्यात शिरतीस. आम्ही दोघी तिच्या उंबऱ्यात बसलो. बायांनी हंडे आणून ओळीनं लावले. दुपार झाली, ऊन कललं, टँकर आला नाही. मी फोन करत राहिले, तो कुणी उचलेना. घरात होतं तेवढ्या पाण्यात आत्यानं संध्याकाळच्या डब्यांचं पीठ भिजवलं, आणि पहाटेच्या डब्यांना काय करू हे ती मला न विचारता भिंतीला विचारत होती.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच टांगून ठेवल्यासारखं नको. माझं काम गेलं. त्या कार्यालयाच्या यादीतून मला काढलं, आणि पुढची दोन वर्षं मला एकही सरकारी फिटिंग मिळालं नाही. खेळ नंतर थंडीत झाला, पाहुणे आले, भाषणं झाली, आणि वीज आली ती दरवाजाच्या मागं हिरव्या कापडाआड लपवलेल्या डिझेलच्या जनरेटरमधून. पत्रिकेवरची ओळ मात्र तीच. पण आमच्या पाट्यांना पुन्हा कुणी हात लावला नाही, आणि त्याचं कारण त्या चाचणीची संध्याकाळ.

अंधार पडायला लागला तशी दरवाजासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. कार्यालयातली मंडळी, त्यांची कुटुंबं, काही पत्रकार. खुर्च्यांच्या रांगेपुढं पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स ठेवले होते. मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि टँकरचं विचारलं. ते म्हणाले, निघालाय, वाटेत आहे, मॅडम आता बसून घ्या, शो बघा, तुमचंच काम आहे हे. मी बसले नाही.

खेळ सुरू झाला. चांगला होता, तेही सांगते. वाईट असता तर माझा राग निम्मा झाला असता. काळ्या दगडावर डोंगर उगवला, डोंगराच्या पोटातून नहर निघाली, खापराचे नळ एकमेकांत गुंतत कमानीभोवती फिरले. डिझायनर मागच्या टेबलावरून माइकवर आपल्या माणसांना सूचना देत होता, पुढं काय लावायचं ते. चाचणी होती, म्हणून त्याचा माइक बाहेरच्या भोंग्यांनाच जोडलेला राहिला होता. शेवटच्या दृश्याची वेळ आली आणि भोंग्यांतून, खणखणीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, “पाणी सोडा.”

त्यानं चित्रातलं पाणी सोडायला सांगितलं होतं. दरवाजाच्या माथ्यावरून पांढरंशुभ्र पाणी कोसळायला लागलं आणि त्याचा आवाज भोंग्यांतून घुमला.

मागं गल्लीत एकदम गलका उठला. पाणी सोडलं, पाणी सोडलं! पलीकडच्या मोहल्ल्यातून, नल आया, नल आया! घराघरांतून नळाला लावलेल्या मोटारी घर्रर्र सुरू झाल्या, कोरड्याच. आणि दरवाजाच्या कमानीखालून बाया धावत बाहेर आल्या. हंडे, कळश्या, बादल्या, रंगाचे रिकामे डबे. वाटेत एकीच्या हातातली कळशी पडून खुर्च्यांपर्यंत गडगडत गेली. सगळ्यात पुढं माझी आत्या, हाताला पीठ तसंच, कमरेवर हंडा. नळाला नाही तर टँकरला, कुठं तरी पाणी सोडलंय एवढंच तिला कळलं होतं.

ती आवाजाच्या दिशेनं आली आणि बरोबर त्या पाण्याच्या खाली उभी राहिली. तिच्या पातळावरून, तोंडावरून ते पांढरं पाणी वाहत होतं आणि ती वर बघत होती. खुर्च्यांतून हसू फुटलं. आधी कुणी एक हसला, मग सगळेच. डिझायनर माइक बंद न करताच ओरडला की व्हिडिओ घ्या, व्हिडिओ घ्या, ही खरी दाद आहे, ओपनिंगलाही असंच करू.

ओपनिंगलाही असंच करू! मी ते शब्द अजून विसरलेले नाही. बायांना आता कळलं होतं. त्या हंडे पदराआड घेऊन मागं सरकत होत्या, चोरी करताना धरल्यासारख्या, आणि लाज वाटायला हवी होती ती माणसं खुर्च्यांत बसून मोबाइल वर धरत होती. आत्या तेवढी हलली नाही. तिनं मला शोधलं, आणि सगळ्यांदेखत विचारलं, “कुठंय गं पाणी?”

मी वळले आणि विहाराकडं गेले. पळाले नाही, चालत गेले. पंपाच्या पेटीत पाट्यांखेरीज आणखी एक वाट मी बसवतानाच ठेवली होती, ढगाळ दिवसांत बाहेरून वीज देता यावी म्हणून. मीटर मिळाला नाही त्यामुळं ती कधी वापरलीच नव्हती. दिवसभर आमचं ऊन पिऊन फुगलेल्या त्या बॅटऱ्यांची केबल मी प्रोजेक्टरकडून काढली आणि त्या वाटेला जोडली. पंपाचा वेग अगदी मंद ठेवला. दिवसभर कुणी उपसलं नव्हतं, बोअरमध्ये जेवढं साठायचं तेवढं साठलेलं असणार होतं.

बाहेर आले तर दरवाजा काळा ठिक्कर. भोंगे गप्प. खुर्च्यांत चुळबुळ चालू होती. मग तोटीनं घसा खाकरला, थोडी हवा सोडली, थोडा लाल गाळ ओकली, आणि बारीक धार लागली. गल्लीतल्या माणसाला तो आवाज अंधारात ओळखायला वेळ लागत नाही. काही न बोलता बायांनी रांग धरली. आत्याला सगळ्यांनी पुढं केलं, तिचे पहाटेचे डबे असतात हे गल्लीला माहीत आहे.

साहेब मोबाइलचा उजेड पुढं धरून तरातरा आले. लाइट कुणी काढली, हा सार्वजनिक कामात अडथळा आहे, तुमच्यावर कारवाई होईल, असं ते मला म्हणाले, आणि मीही म्हणाले की करा, पण आधी टँकर कुठं आहे ते लेखी द्या. मग बहुधा मागं बसलेल्या मंडळींची आठवण होऊन ते जरा नरमले. हे भरून व्हायला किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आत्या धारेखालचा हंडा न सोडता म्हणाली,

“आमी आठ-आठ दिस बसतो, सायेब. खुर्च्या हायेत नव्हं तुमच्याकडं? बसा.”

साहेबांनी मोबाइलचा उजेड विझवला. मग परत गेले आणि बसले.